सात सूर, सहा तारा आणि चार बोटे

पांडवांनी आपले गुरू द्रोणाचार्य यांना जे गाव दिले, तेच आजचे गुरुग्राम, अशी तिथली आख्यायिका आहे. २०१६ साली हरियाणा सरकारने गुडगावचे नाव बदलले ते या आख्यायिकेला धरूनच. मेट्रोच्या एका स्टेशनलाही गुरू द्रोणाचार्यांचे नाव आहे. पण याच शहराच्या खांडसा भागात एक लहानसे मंदिर आहे, ते मात्र गुरूचे नव्हे, शिष्याचे. एकलव्याचे. त्याने कापून दिलेला अंगठा इथे ठेवला आहे, अशी लोकांची श्रद्धा. गुरूविना शिकलेल्या विद्येचे मोल त्याने अंगठ्याने चुकवले, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

आज त्याच गुरुग्राममध्ये नव्या एकलव्यांची कमतरता नाही. पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबे तिथल्या सोसायट्यांमधून राहतात. दहाव्या-बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, दोघेही नोकरी करणारे, मुलगा शिकायला बंगळूरला किंवा परदेशी. त्याच्यासाठी आठवीत असताना हौसेने घेतलेली गिटार कपाटावर धूळ खात पडलेली. एखाद्या रविवारी आवराआवर करताना ती खाली निघते, तारा बदलल्या जातात आणि आई किंवा बाबाच फोन उशीला टेकवून शिकायला बसतात. समोर मूर्ती नाही, पडद्यावरचा माणूस आहे. तो दाखवतो सगळे, पण शिकणाऱ्याचे ऐकत नाही. नेमकी हीच अडचण पुढे छळते.

पहिले तीन महिने बरे जातात. सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर एवढ्या चार-पाच कॉर्डवर निम्मी हिंदी गाणी निभावतात. बोटांची टोके दुखतात, मग घट्ट होतात. एफचा बार कॉर्ड आला की बरेच जण गळतात. जे टिकतात त्यांच्यापुढे एक दिवस असे गाणे येते, की साध्या कॉर्डवर ते वाजते खरे, पण मूळ गाण्यासारखे लागत नाही. काहीतरी कमी पडते. कागदावर पाहावे तर कॉर्डच्या नावापुढे आकडे: सात, नऊ, अकरा, तेरा. बोटे जागेवर ठेवून तारा छेडाव्यात तर दोन तारा वाजतात, एक खरखरते, एक मुकी राहते. आतल्या खोलीतून लेक ओरडते, “आई, तुझी मधली तार वाजतच नाहीये!”

तिचे बरोबर असते. पण दोष बोटांचा आहे की समजुतीचा, हे आधी पाहायला हवे.

पेटीवर करून पाहावे

हे आकडे म्हणजे काय, ते समजायला गिटार लागत नाही. घरात पेटी असेल तर ती पुढे ओढावी. पांढरी एक हा सा धरावा आणि सा, ग, प एकदम दाबावेत. हा साधा मेजर कॉर्ड, तीन सुरांचा. त्यावर काळी पाच, म्हणजे कोमल नी घालावा. आवाजात एक अपुरेपण येते, जणू वाक्य अर्धवट सोडले आहे. हा सेव्हन्थ. कोमलऐवजी शुद्ध नी लावला तर तेच वाक्य स्वप्नात बोलल्यासारखे होते. हा मेजर सेव्हन्थ. आता कोमल नी ठेवून वरच्या सप्तकातला रे जोडावा. सापासून मोजत गेले की तो नववा सूर येतो, म्हणून हा नाइन्थ. त्याच्याही वर म घातला की अकरावा, ध घातला की तेरावा.

म्हणजे पूर्ण तेराव्या कॉर्डमध्ये सा, ग, प, नी, रे, म, ध असे साती सूर एकदम बोलायला हवेत. गिटारला तारा सहा. डाव्या हाताची कामाला येणारी बोटे चार, कारण अंगठा मानेच्या मागे असतो. हिशेब जमतच नाही. कित्येक शिकणारे नाउमेद होतात ते इथे. आपली बोटे आखूड आहेत, वय झाले आहे, हे आपले काम नव्हे, असे त्यांना वाटू लागते. वास्तविक जगातला कोणताही गिटारवादक हे सातही सूर एकदम वाजवत नाही. त्याला ते शक्यच नाही. तो वगळतो, आणि काय वगळायचे हे त्याला ठाऊक असते.

सगळ्यांत आधी प सोडता येतो. तो साच्या इतका जवळचा नातलग आहे, की नसला तरी फारसे बिघडत नाही. आपल्या तानपुऱ्यात नीट जुळलेल्या षड्जातून तो आपोआप कसा कानी पडतो, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतेच. सोबतीला बास गिटार किंवा पेटी असेल तर सासुद्धा तिच्यावर सोपवता येतो. तेराव्या कॉर्डमध्ये म बहुधा नसतोच, कारण शुद्ध ग आणि शुद्ध म एकत्र वाजले की ते एकमेकांना खातात. सोडायचे नाहीत ते दोन सूर म्हणजे ग आणि नी. कॉर्ड हसरा की उदास, स्थिर की अस्थिर, हे तेच दोघे ठरवतात. आणि ज्या सुरासाठी एवढा खटाटोप, तो वरचा नऊ किंवा तेरा.

काउंट बेसी यांच्या प्रसिद्ध जॅझ वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन नावाचे गिटारवादक होते. १९३७ साली ते त्यात दाखल झाले आणि १९८७ साली मृत्यू येईपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, पन्नास वर्षे तिथेच वाजवत राहिले. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदात ते प्रत्येक ठोक्याला दोन-तीन तारांचाच कॉर्ड वाजवत, कित्येकदा ऐकू येण्याजोगा सूर एकच असे. बाकीच्या तारा बोटांनी झाकलेल्या. त्यांना जास्त येत नव्हते असे कोण म्हणेल?

तीन कॉर्ड, एक करंगळी

आता गिटार घ्यावी. सतारीचे पडदे तसे गिटारचे फ्रेट. तारा खालून मोजायच्या: सर्वांत बारीक ती पहिली, जाड ती सहावी.

पहिला कॉर्ड डी मायनर नाइन. पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला मधले बोट, चौथीवर तिसऱ्या फ्रेटला तर्जनी, तिसरीवर पाचव्याला अनामिका आणि दुसरीवर पाचव्यालाच करंगळी. सीला सा मानले तर हे झाले रे, म, सा, ग. फक्त चार सूर. पहिली आणि सहावी तार वाजू द्यायची नाही.

दुसरा जी थर्टीन. करंगळी होती तिथेच राहू द्यावी, अजिबात उचलू नये. अनामिका त्याच तारेवरून एक फ्रेट मागे, चौथ्यावर घ्यावी. मधले बोट चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर येते आणि तर्जनी सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. सूर झाले प, म, नी, ग. ज्या कॉर्डमध्ये पुस्तकी हिशेबाने सात सूर, तो चारांत उभा राहिला आणि कान मुळीच तक्रार करत नाहीत.

तिसरा सी मेजर नाइन. पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला मधले बोट, चौथीवर दुसऱ्याला तर्जनी, तिसरीवर चौथ्याला करंगळी, दुसरीवर तिसऱ्याला अनामिका. सूर सा, ग, नी, रे.

हे तीन ओळीने वाजवून पाहावेत. पहिल्यातला सा एक पायरी उतरून दुसऱ्यातला नी होतो, तोच नी तिसऱ्यात तसाच राहतो. म उतरून ग होतो, ग उतरून रे. कोणताही सूर उडी मारत नाही, उड्या फक्त खालच्या जाड तारेच्या. चार माणसे एका बाकावर बसलेली असावीत आणि प्रत्येकाने जरासे सरकून पाचव्याला जागा करून द्यावी, तसा प्रकार. जॅझमध्ये आणि ब्राझीलच्या बोसा नोव्हामध्ये या तीन कॉर्डची साखळी पदोपदी येते आणि आपल्या सिनेसंगीतातही ती पुष्कळ आहे. एवढी एक साखळी स्वच्छ आली, की पन्नास सुटे आकार पाठ करण्यापेक्षा अधिक मिळते. आकारांच्या जाडजूड पुस्तकांवर लोक उगाच पैसे घालवतात.

स्वच्छ म्हणजे काय

स्वच्छ वाजणे म्हणजे सगळ्या तारा वाजणे नव्हे. वाजायच्या त्या वाजणे आणि न वाजायच्या त्या गप्प राहणे. दुसरी गोष्ट पहिलीहून अवघड आहे आणि नवख्यांना ती कोणी सांगत नाही. वरच्या जी थर्टीनमध्ये पाचवी तार मधोमध मोकळी पडते. ती वाजली की सगळा चिखल. म्हणून सहावी तार दाबणाऱ्या तर्जनीचे टोक पाचवीला किंचित टेकवायचे, दाबायचे नाही. तेवढ्याने ती मुकी होते. त्याच तर्जनीचा खालचा भाग सैल पडू दिला तर पहिली तारही झाकली जाते. डी मायनर नाइनमध्ये हेच काम मधल्या बोटाचे टोक सहाव्या तारेवर करते. म्हणजे एकेका बोटाला दोन दोन नोकऱ्या. गुरुग्राममधल्या घरात हे नवे नाही.

दाबायचे ते फ्रेटच्या अगदी लगत, मागच्या बाजूने. दोन फ्रेटच्या मधोमध दाबले की जोर जास्त लागतो आणि तार खरखरते. बोट उभे हवे, टोकावर. डाव्या हाताची नखे आठवड्यातून दोनदा तरी कापावीत. नख वाढले की बोट आडवे होते, आडवे बोट शेजारच्या तारेला शिवते, आणि माणूस दोष देत बसतो स्वतःच्या जाड बोटांना. जाड बोटांचे उत्तम वादक ढिगाने आहेत. वाढलेल्या नखांचा डाव्या हाताला उपयोग नाही.

आणि अंगठा. एकलव्याची आठवण इथे पुन्हा निघते, कारण हौशी वादकाचा घात बहुतेक वेळा अंगठाच करतो. तो मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर, नुसता टेकलेला असावा. अवघड कॉर्ड आला की माणूस घाबरून चिमटा घट्ट करतो, अंगठ्याने मागून रेटतो. त्याने पाच मिनिटांत हाताच्या तळव्यात गोळा येतो. जोर खरे तर दंडाच्या वजनातून यावा: कोपर सैल सोडावे, हाताच्या भाराने बोटे आपोआप तारांकडे ओढली जातात. याची एक सोपी चाचणी आहे. कॉर्ड धरल्यावर अंगठा क्षणभर मानेपासून सुटा करावा. तरीही सूर जवळजवळ तसाच लागला, तर हात बरोबर आहे.

नाइन्थचा एक आकार नवख्यांना हमखास रडवतो, तो सी नाइन. पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला मधले बोट, चौथीवर दुसऱ्याला तर्जनी आणि खालच्या तिन्ही तारा तिसऱ्या फ्रेटला एकट्या अनामिकेने आडव्या दाबायच्या. अमेरिकेत जेम्स ब्राऊन यांच्या गाण्यांत १९६० च्या दशकात नाइन्थचे कॉर्ड खणखणू लागले, तो बाज या आकारात सापडतो. अनामिकेचे टोकाचे पेर मागे वाकावे लागते, आणि काहींचे ते वाकतच नाही. ही हाडांची ठेवण आहे, सरावाचा भाग थोडाच. ज्यांचे वाकत नाही त्यांनी हट्ट धरू नये. अनामिका तिसऱ्या तारेवर, करंगळी दुसरीवर, दोन्ही तिसऱ्याच फ्रेटला, आणि पहिली तार सोडून द्यावी. गेला तो फक्त प. तो जाऊ शकतो हे वर पाहिलेच.

आखूड किंवा अधू बोटांची सबब ज्यांना सांगायची असेल, त्यांनी जांगो राइनहार्ट यांची हकिकत ऐकावी. युरोपातील रोमा, म्हणजे भटक्या, जमातीतला हा वादक. १९२८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्याच्या गाडीघराला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी भाजून आखडली. पुढे त्याने धावत्या सुरावटी दोनच बोटांनी वाजवल्या, आखडलेली बोटे कॉर्डपुरती जमतील तिथे टेकवली, आणि युरोपातला पहिला थोर जॅझ गिटारवादक म्हणून तो ओळखला गेला. त्याने कॉर्डचे आकार आपल्या हाताला बेतून घेतले.

शेजारी, रात्र आणि पातळ भिंती

गुरुग्रामच्या नोकरदाराला सरावाला वेळ मिळतो तो रात्री दहानंतर. तेव्हा शेजारचे बाळ झोपलेले असते. यावर अमेरिकेतल्या वेस मॉन्टगोमेरी यांचे उदाहरण फार बोलके आहे. इंडियानापोलिस शहरात दिवसा वेल्डिंगसारखी कामे करणाऱ्या या संसारी माणसाने गिटार गंभीरपणे हाती घेतली ती विशीच्या उंबरठ्यावर, चार्ली ख्रिश्चन यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून. रात्रीच्या सरावाचा घरच्यांना आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ लागला, म्हणून त्यांनी पिक टाकून दिले आणि अंगठ्याच्या मांसल भागाने तारा छेडायला सुरुवात केली. आवाज बसका, मऊ झाला. हाच अंगठा पुढे त्यांची ओळख बनला. १९६८ साली ते वारले, पण त्यांचा तो सूर ऐकणारा आजही एका क्षणात ओळखतो.

ब्राझीलचे झुआंव जिल्बेर्तो तर १९५० च्या दशकात बहिणीच्या घरी राहताना न्हाणीघरात बसून वाजवत. फरशीच्या भिंतींवरून सूर स्वच्छ परतून येतो आणि कोणती तार मुकी आहे ते लगेच कळते. त्या सरावातून घडलेली त्यांची वाजवण्याची तऱ्हा १९५८ नंतर बोसा नोव्हा म्हणून जगभर गेली. न्हाणीघर प्रत्येक फ्लॅटमध्ये असते. सकाळी घाईच्या वेळी तेवढे अडवून बसू नये, म्हणजे झाले.

सराव मात्र लांबण लावून करायचा नाही. पंधरा-वीस मिनिटे पुरतात, पण रोज. पद्धत अशी की कॉर्ड धरावा आणि एकेक तार सुटी छेडावी. कोणती मुकी, कोणती खरखरते, ते ऐकावे. फक्त तेवढेच बोट केसभर हलवून पुन्हा छेडावी. सगळ्या बोलल्या, की हात उचलून मांडीवर ठेवावा आणि पुन्हा धरावा. हे दहा वेळा. त्यानंतरच पुढचा कॉर्ड. दोन कॉर्डच्या मधला प्रवास मेट्रोनोम अगदी हळू लावून करावा आणि चारही बोटे एका वेळी उतरतील असे पाहावे. एकेक बोट शोधत बसण्याची सवय लागली की ती पुढे सुटत नाही. आठवड्यातून एकदा फोनवर स्वतःचे वाजवणे मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. वाजवताना कान अर्धे बोटांकडे असतात, त्यामुळे दोष तेव्हा कळत नाहीत. पडद्यावरचा गुरू ऐकत नाही ही उणीव निदान एवढ्याने थोडी भरून निघते. तरी महिन्यातून एकदा का होईना, जाणत्या शिक्षकासमोर बसावे. हात चुकीचा वळला आहे हे समोरचा माणूसच पाहू शकतो.

हे सांगण्याला कारण आहे. दिवसभर संगणकावर काम करणाऱ्यांची मनगटे आधीच थकलेली असतात. त्यावर रात्री तासभर घट्ट चिमटा धरला, की अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखू लागते. बोटांच्या टोकांचे दुखणे सुरुवातीचे असते, ते जाते. मनगट, कोपर किंवा दंडातली कळ मात्र सोसायची नसते. मुंग्या आल्या, बोट बधिर झाले तर गिटार ताबडतोब खाली ठेवावी, आणि दोन-चार दिवसांत ते थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. एका कॉर्डच्या हट्टापायी सहा महिने हात गळ्यात बांधून बसलेली माणसे आहेत. एकलव्याने निदान अंगठा गुरूच्या मागण्यावरून दिला होता.

मुंबईला हे सूर कोठून आले

आपले संगीत एका वेळी एका सुराचे. मग हे चार-पाच सुरांचे गुच्छ आपल्या गाण्यांत आले कसे? त्याचे उत्तर बरेचसे गोव्यात आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुले मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांतल्या वाद्यवृंदांत आणि तिथून चित्रपटांच्या स्टुडिओंत आली. संगीतकार चाल बांधी, पण तिच्याखाली कोणते कॉर्ड घालायचे, व्हायोलिनांनी काय वाजवायचे, हे लिहून काढणारे संयोजक पुष्कळदा गोव्याचे असत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचे सॅबेस्टियन डिसोझा त्यांतलेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधले त्यांच्या नावाचे गाणे ही त्या शिष्याची गुरुदक्षिणा. पडद्यावर नाव आले ते असे, गमतीच्या गाण्यातून. एरवी या मंडळींची नावे श्रेयनामावलीत क्वचितच दिसत.

दिल्लीकडचे नाव घ्यायचे तर भूपिंदर सिंग यांचे. १९४० साली अमृतसरला जन्मलेले भूपिंदर दिल्लीच्या आकाशवाणीवर गात आणि गिटार वाजवत. मदनमोहन यांनी त्यांना तिथे ऐकले आणि मुंबईला बोलावले. ‘हकीकत’ (१९६४) पासून गायक म्हणून ते लोकांना माहीत झाले, पण ‘दम मारो दम’ आणि ‘चुरा लिया है तुमने’ या गाण्यांतली गिटार त्यांची, हे पुष्कळांना २०२२ साली त्यांच्या निधनानंतरच्या लेखांमधून कळले. वडील संगीतशिक्षक होते आणि शिस्त अशी कडक, की मुलाला काही काळ संगीताचाच तिटकारा आला होता, असे भूपिंदर स्वतः सांगत. आठवीतल्या मुलाच्या हाती गिटार देऊन रोज घड्याळ लावून बसणाऱ्या आईबाबांनी हे जरूर लक्षात घ्यावे. कपाटावरच्या गिटारी तिथे का जातात, त्याचे एक कारण हेही आहे.

आता गुरुग्रामकरांना हे ऐकायला मुंबई गाठावी लागत नाही. दिल्लीत सफदरजंग एन्क्लेव्हमध्ये २०१५ साली ‘द पियानो मॅन’ हा जॅझ क्लब सुरू झाला आणि पुढे त्याची एक शाखा गुरुग्राममध्येही निघाली. अशा ठिकाणी गेलेच तर वादकाच्या उजव्या हाताकडे पाहू नये, डाव्याकडे पाहावे. बोटे किती कमी हलतात आणि तारांपासून किती कमी उचलली जातात, हे एका संध्याकाळी जेवढे कळते तेवढे दहा चित्रफितींतून कळत नाही. वाद्ये, तारा, दुरुस्ती यांसाठी दर्यागंज आणि नई सडककडची जुनी दुकाने आहेतच. तिथले कारागीर गिटार हातात घेताच तिचा दोष सांगतात.

कारण दोष कधी कधी खरोखरच वाद्याचा असतो. तारा फ्रेटपासून फार उंच असल्या, तर पैलवानालाही नाइन्थ स्वच्छ वाजवता येणार नाही. बाराव्या फ्रेटपाशी तारेखालून करंगळी सहज सरकत असेल, तर गिटार कारागिराकडे न्यावी. तो पूल घासून किंवा मानेतली सळई फिरवून तारा खाली आणतो. लोखंडी तारा जड असतील तर हलक्या घालाव्यात. सुरुवातीला दहा क्रमांकाच्या पुरतात. जुन्या, गंजट तारांवर सूर जुळतच नाही. त्या तीन-चार महिन्यांनी बदलाव्यात.

शास्त्रीय गाणे ऐकलेल्या मराठी कानाला एक गोष्ट मात्र खटकेल आणि ती कारागिरालाही दुरुस्त करता येणार नाही. गिटारवरचा ग तानपुऱ्यावरच्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. पियानो आणि पेटीचीही तीच गत. पेटीला आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली, त्यामागे हा आक्षेपही होता. गिटारवर तो चढेपणा वाढवण्याचे काम शिकणारा स्वतःच करतो: बोट जास्त रेटले की तार ताणली जाते आणि सूर आणखी वर जातो. चार तारा चार वेगवेगळ्या जोराने दाबल्या, की प्रत्येक तार वाजूनही कॉर्ड बेसूर वाटतो. मग लोक खुंट्या पिळत बसतात. खुंटीला हात लावण्यापूर्वी हात सैल करून पाहावा.

उत्तरेकडची हवाही विचारात घ्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत गुरुग्राममध्ये लू वाहते, तेव्हा हवा इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसते, फ्रेटची टोके बाहेर येऊन बोटांना टोचतात, आणि क्वचित वरच्या फळीला चीरही जाते. जुलैत पाऊस आला की तेच लाकूड फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. गिटार बनवणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता तिला मानवते असे सांगतात. म्हणून उन्हाळ्यात ती भिंतीवर शोभेला टांगू नये, एसीच्या झोताखाली तर नाहीच. पेटीत घालून ठेवावी आणि पेटीत एक ओलसर स्पंज, भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत घालून, गळ्यापाशी ठेवावा. स्पंज घट्ट पिळलेला हवा, त्यातून थेंब गळता कामा नये. पावसाळा लागला की डबी काढून घ्यावी.